७५७ तास

पावसाळ्यात दौंडला भीमेचा विसर्ग किती, हे दर काही तासांनी जाहीर होते. किती क्युसेक, वाढतोय की उतरतोय, उजनीत किती जमा झाले, खाली पंढरपूरला पाणी कधी पोहोचणार, हे आकडे नदीकाठच्या माणसाला तोंडपाठ असतात. लहान मुलांच्या आहाराचा, त्यांच्या औषधांचा, अंगणवाडी चालवणाऱ्या बाईच्या मानधनाचा पैसा आटू लागतो, तेव्हा मात्र असा आकडा कोणी जाहीर करत नाही. पातळी मोजली जात नाही, म्हणून इशाराही दिला जात नाही.

२०१५ च्या वसंतात तो पैसा आटला. २८ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजता दिल्लीत अर्थसंकल्पाचे भाषण सुरू झाले आणि ३१ मार्चच्या मध्यरात्री जुने आर्थिक वर्ष संपले. मध्ये होते ७५७ तास. त्या तासांत दिल्ली-मुंबईत काय ठरले आणि पुणे जिल्ह्यातल्या दौंड-शिरूरसारख्या तालुक्यांत त्या वेळी काय चाललेले असते, ते इथे शेजारीशेजारी ठेवले आहे. गावाकडचा भाग कोणा एका अंगणवाडीचा नाही. तिथल्या कुठल्याही अंगणवाडीत त्या दिवसांत जे दिसते, ते आहे.

शनिवार, २८ फेब्रुवारी २०१५, सकाळी ७

घड्याळ अजून सुरू व्हायचे आहे. ऊसतोडीचा हंगाम उताराला लागलेला. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा, दौंडमध्ये आलेगावचा दौंड शुगर आणि पाटसचा भीमा हे कारखान्यांचे पट्टे. तोडणीच्या टोळ्या उजाडायच्या आत फडात उतरलेल्या असतात. बीडमधून, नगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगावकडून आलेली ही माणसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हात थांबवता येत नाहीत, म्हणून तान्हे मूल फडाच्या कडेला साडीच्या झोळीत असते आणि सात-आठ वर्षांची बहीण त्याला सांभाळते.

या मुलाचे नाव बीड जिल्ह्यातल्या गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये आहे. मूल स्वतः वर्षातले पाच-सहा महिने न्हावऱ्याच्या किंवा आलेगावच्या शिवारात कोपीत राहते. सरकारी आहार नावामागे जातो. आधीच निसटलेल्या अशा मुलांपर्यंत पोहोचायला जास्तीचा पैसा आणि जास्तीची माणसे लागतात. पुढचे सगळे वाचताना हे मूल डोळ्यांसमोर असू द्यावे.

सकाळी १०

अंगणवाडी भरली आहे. मदतनीस ताईंनी घराघरांतून पोरे गोळा करून आणलीत. प्रार्थना, हजेरी, बडबडगीते, मग खिचडी किंवा उसळ किंवा लापशी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायच्या आहाराची पाकिटे, गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका (एएनएम) बाईंच्या बरोबरीने धावपळ, आणि महिन्यातून एकदा वजन. वाढीच्या तक्त्यावर सेविका प्रत्येक मुलाचा ठिपका मांडते. दंडाला पट्टी गुंडाळते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, तर ते मूल तीव्र कुपोषित. असे मूल साध्या जुलाबाने किंवा न्यूमोनियाने दगावण्याचा धोका धडधाकट मुलापेक्षा कित्येक पट असतो.

एवढ्या कामासाठी २०१५ साली सेविकेला महिना ५,००० रुपये मानधन होते, मदतनीस ताईंना २,५००. एका मुलाच्या दिवसाच्या आहारासाठी मंजूर दर ६ रुपये. त्यात धान्य, डाळ, तेल, मीठ, इंधन आणि शिजवणाऱ्या बचत गटाचा मोबदला.

अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. २००१ मध्ये अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने न्यायालयाने ती देशातल्या प्रत्येक वस्तीपर्यंत न्यायला सांगितले. म्हणजे त्या शनिवारी सकाळी शिजणारी खिचडी ही कोणाची मेहेरबानी नव्हती. तिच्यामागे न्यायालयाचा आदेश होता.

सकाळी ११ : उरले ७५७ तास

लोकसभेत अर्थमंत्री अरुण जेटली उभे राहतात. चारच दिवसांपूर्वी, २४ फेब्रुवारीला, चौदाव्या वित्त आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला होता. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. राज्यांना मोकळा पैसा जास्त मिळणार, म्हणून केंद्राच्या योजनांमधली केंद्राची रक्कम कमी करायची, हा अर्थसंकल्पामागचा हिशेब.

हिशेब म्हणून त्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. राज्यांनी वर्षानुवर्षे मागितलेली ती गोष्ट होती. महाराष्ट्राचाही वाटा वाढला. पण मोकळा पैसा म्हणजे ज्यावर कोणाचे नाव लिहिलेले नाही असा पैसा. तो रस्त्यावर जाऊ शकतो, कर्जफेडीवर जाऊ शकतो, अंगणवाडीतही जाऊ शकतो. या तिन्हींत अंगणवाडीच्या बाजूने मंत्रालयात कोण बसलेले असते? तीन वर्षांच्या मुलाला मत नसते, त्याच्या ऊसतोड करणाऱ्या आईला मुंबईला जायला सवड नसते.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेची तरतूद आदल्या अर्थसंकल्पात १८ हजार कोटींहून अधिक होती. नव्या कागदावर ती ८,३०० कोटींच्या आसपास आली. निम्म्याहूनही खाली.

दुपारी १ : उरले ७५५ तास

भाषण ऐकून झाले आहे. त्यातला एक भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे. अर्थमंत्र्यांनी सांगितले की वर्षभरात करवसुली चांगली झाली, तर काही योजनांना जादा पैसे देण्याचा प्रयत्न करू. त्या यादीत रोजगार हमीला ५,००० कोटी, बालविकास योजनेला १,५०० कोटी आणि बालसंरक्षण योजनेला ५०० कोटी असे आकडे होते.

करवसुली चांगली झाली तर. ज्या मुलाचा दंड आज साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला आहे, त्याचा घास या अटीवर टांगला गेला. मला हा त्या दिवसाचा सर्वांत गंभीर क्षण वाटतो. आकडा कमी होणे ही एक गोष्ट झाली. मुलांचे जेवण ही सरकारी तिजोरीची पहिली जबाबदारी नसून उरले तर देण्याची बाब आहे, हे त्या भाषणाने मान्य करून टाकले.

संध्याकाळी वाहिन्यांवर चर्चा झाली ती आयकराच्या मर्यादेची, सेवाकराची, उद्योगांच्या कराची. दौंड किंवा शिरूरच्या एखाद्या सेविकेने टीव्ही लावला असता, तरी तिला तिच्या मुलांबद्दल काही कळले नसते.

रविवार, १ मार्च, मध्यरात्र : उरले ७४४ तास

त्या शनिवार-रविवारी राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस पडला. द्राक्षे, कांदा, गहू, हरभरा सगळे भिजले. वर्तमानपत्रांची पहिली पाने त्या नुकसानीने भरली आणि ते योग्यच होते. पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाने शाकारलेल्या कोपीत अशा रात्री लेकरे कशी असतात, ते पाहिलेल्याला सांगायला नको. ओल, थंडी, दुसऱ्या दिवशी खोकला, मग ताप. दवाखाना गाठायचा, तर दोघांपैकी एकाची दिवसाची मजुरी बुडते.

शेतीच्या नुकसानीचे पंचनामे होतात. कितीही उशिरा आणि अपुरी आली, तरी भरपाईची एक पद्धत ठरलेली आहे. मुलाच्या घटलेल्या वजनाचा पंचनामा होत नाही.

बुधवार, ११ मार्च : उरले ५०४ तास

याच तारखेला, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. ते पुढे पुण्याला आले आणि प्लेगच्या दिवसांत रमाबाई दौंड तालुक्यातल्या केडगावला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि बायका आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, अंध मुलींना शिकवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेही केडगावलाच. रेल्वेने पुण्याहून दौंडला जाताना केडगाव स्टेशन लागते. निराधार बायका-मुलांना या तालुक्याने असा आसरा एकदा दिलेला आहे.

रमाबाईंच्या कामाची दुसरी बाजू पैशाची होती आणि तिच्याकडे कमी लक्ष दिले जाते. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्यासाठी एक मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. दहा वर्षे संपली आणि १८९८ मध्ये रमाबाईंना पुन्हा समुद्र ओलांडून अमेरिकेला जावे लागले, ती व्यवस्था नव्याने उभी करायला. इकडे शेकडो जेवणारी तोंडे, आणि त्यांना सांभाळणारी बाई सातासमुद्रापार पैशासाठी. कितीही थोर माणूस असो, देणगीवर चालणाऱ्या मायेला मुदत असते. स्वतंत्र भारताने मुलांची जबाबदारी सरकारी तिजोरीवर टाकली ती या मुदतीतून सुटण्यासाठी. तिजोरीनेही वर्षावर्षाची मुदत घालायला सुरुवात केली, तर आपण परत १८९८ मध्ये जातो.

बुधवार, १८ मार्च, दुपार : उरले सव्वातीनशेच्या आसपास तास

विधानसभेत सुधीर मुनगंटीवार राज्याचा अर्थसंकल्प मांडतात. केंद्राच्या योजनांत आता केंद्र किती देणार आणि राज्याने किती घालायचे, याचे नवे प्रमाण या दिवशी कोणत्याही राज्याला पक्के माहीत नव्हते. ते ठरवायला मुख्यमंत्र्यांचा गट नेमला गेला. त्याचा अहवाल आणि त्यावरचा आदेश यायला ऑक्टोबर उजाडला. बालविकास सेवांचा सर्वसाधारण खर्च आधी ९० टक्के केंद्र आणि १० टक्के राज्य असा होता, तो ६०-४० झाला. म्हणजे अर्धे वर्ष कोणी किती भरायचे, हेच ठरलेले नव्हते.

महाराष्ट्राने कमावलेले काही होते, म्हणून या अनिश्चिततेचे दुःख इथे अधिक आहे. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. त्याची मुळे मराठवाड्यात औरंगाबाद विभागात प्रशासनाने केलेल्या प्रयोगात होती. मुलांची वजने खरी नोंदवा, लपवू नका, आणि सापडलेल्या प्रत्येक मुलामागे लागा, एवढा साधा त्याचा गाभा. गावातल्या अंगणवाडीतच ग्राम बालविकास केंद्र भरवायचे. कुपोषित मुलांना ३० दिवस तिथे दिवसातून अनेक वेळा थोडेथोडे खायला घालायचे, औषधे द्यायची, आईला शेजारी बसवून शिकवायचे. सुधारले नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बाल उपचार केंद्रात, आणि तिथूनही गरज पडली, तर मोठ्या रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात.

२००५-०६ ते २०१२ या काळात महाराष्ट्रातल्या दोन वर्षांखालच्या बुटक्या राहिलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांपर्यंत उतरले. जगभरच्या पोषणतज्ज्ञांनी या घसरणीचा अभ्यास केला. हे सेविकांनी, मुख्यसेविकांनी, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी, आशाताईंनी केलेले काम होते. पैसा आणि पाठबळ मिळाले की काय होते, याचा आपल्याच राज्यातला पुरावा.

शनिवार, २१ मार्च, सूर्योदय : उरले २५७ तास

गुढीपाडवा. बऱ्याच टोळ्यांना गावाची ओढ लागलेली असते. काही परततात, काहींना हंगाम संपेपर्यंत थांबावे लागते. परतणाऱ्या मुलाचे वजन गावच्या अंगणवाडीत पुन्हा घेतले जाते तेव्हा बऱ्याचदा ते जाताना होते त्याहून फारसे वाढलेले नसते. वाढत्या वयात वजन न वाढणे म्हणजेच घटणे. सेविकेला ते कळते, ती वहीत लिहिते. त्या मुलाला लगेच जादा आहार मिळाला, तर भरपाई होऊ शकते.

मंगळवार, ३१ मार्च, सकाळी साडेनऊ : उरले साडेचौदा तास

मार्चअखेरीस तालुक्याच्या कुठल्याही सरकारी कार्यालयात शिरा, हवा वेगळी असते. उपकोषागाराच्या खिडकीपुढे बिलांचे गठ्ठे. संगणकावर निधीवाटपाची पावती (बीडीएस) निघाली का, निधी दिसतोय का, हा एकच प्रश्न. मंत्रालयातून शेवटच्या आठवड्यात एकामागून एक शासन निर्णय सुटतात. वर्षभर अडलेला पैसा याच दिवसांत वाहू लागतो आणि तो खर्ची टाकायला उरतात काही तास. महालेखापालांच्या अहवालांत मार्चमधल्या या खर्चाच्या गर्दीवर वर्षानुवर्षे ताशेरे आहेत.

दुपारी ३ : उरले ९ तास

अंगणवाडी सुटलेली आहे. सेविका घरी रजिस्टरे पुरी करते आहे, कारण मार्चअखेरीचे अहवाल तिच्याकडेही मागितले जातात. आहार शिजवणारा बचत गट किराणा दुकानात उधारीवर असतो. बिल निघाले की उधारी फिटणार. बिल लांबले, तर दुकानदार डाळ द्यायला खळखळ करतो आणि खिचडी पातळ होते. निधीतली कपात ताटापर्यंत पोहोचते ती अशी. कोणी आदेश काढून मुलाचा घास कमी करत नाही. वरची रक्कम घटते, मग हप्ता लांबतो, उधारी थकते आणि शेवटी डाळीचे माप उतरते.

रात्री ९ : उरले ३ तास

सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकशाखा मार्चअखेरीला उशिरापर्यंत उघड्या असतात. जे बिल आज पास झाले ते झाले. जिल्हा परिषदेला मिळालेल्या काही निधीला पुढच्या मार्चपर्यंत मुदत असते, पण शासनाच्या खात्यांतला न वापरलेला पैसा मध्यरात्री परत जातो. मुलांच्या नावावर मंजूर झालेला आणि त्यांच्यापर्यंत न पोहोचलेला रुपया दुसऱ्या दिवशी कोणाचाच नसतो.

मध्यरात्र : शून्य

१ एप्रिल २०१५. नव्या वर्षाची निम्म्याहून कमी तरतूद लागू झाली.

बाळ आईच्या पोटात आल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण हजार दिवस मेंदूची आणि हाडांची बांधणी ठरवतात. या काळात राहिलेली उंची पुढे बहुतांशी भरून निघत नाही. आर्थिक वर्ष ३६५ दिवसांचे असते. एका अर्थसंकल्पाची चूक दुरुस्त व्हायला एक वर्ष लागले, तर एखाद्या मुलाच्या त्या हजार दिवसांतला तिसऱ्या हिश्शाहून अधिक काळ गेलेला असतो.

शून्यानंतर

२७ एप्रिल २०१५. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले. कपातीमुळे कुपोषणाविरुद्धचे काम धोक्यात येईल, असा त्याचा आशय. सरकारमधल्याच मंत्र्याने हा इशारा दिला होता. ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत, कर्मचाऱ्यांचे मानधन पुढच्या महिन्यात देता येईल की नाही याची दर महिन्याला चिंता असते, असे त्यांचे म्हणणे छापून आले.

ऑगस्ट २०१५. केंद्राकडचा निधी थांबला म्हणून महाराष्ट्रातली ग्राम बालविकास केंद्रे बंद पडली. तीच ३० दिवसांची केंद्रे, ज्यांच्या बळावर राज्याने नाव कमावले होते. करांतला वाढीव वाटा राज्याला मिळू लागला होता. त्यातून ही केंद्रे चालवता आली असती. चालवली गेली नाहीत. मोकळ्या पैशावर मुलांचे नाव नसले की काय होते, ते इथे दिसते. या बाबतीत मी केंद्राइतकाच दोष राज्याला देतो.

त्या आर्थिक वर्षात पुढे पुरवणी मागण्यांतून केंद्राची रक्कम वाढवण्यात आली आणि वर्षअखेर ती १५ हजार कोटींच्या घरात गेली. कागदावर बरीचशी दुरुस्ती झाली. पण मधले महिने पुरवणी मागणीने परत येत नाहीत.

सप्टेंबर २०१६. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हार भागातले बालमृत्यू महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचले. सुमारे ६०० मुले दगावल्याच्या बातम्यांची राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस पाठवली. त्या मृत्यूंमागे एकच कारण होते, असे मी म्हणणार नाही. तिथे रस्ते नव्हते, डॉक्टर नव्हते, रोजगार नव्हता, स्थलांतर होते. पण ज्या केंद्रात असे मूल सापडले असते आणि महिनाभर खाऊ-पिऊ घातले गेले असते, ते वर्षभरापूर्वी बंद झाले होते, हे खरेच आहे. नंतर केंद्रे पुन्हा सुरू करावी लागली.

दौंड-शिरूरमध्ये पालघरसारखी बातमी झाली नाही. इथे बागायत आहे, कारखाने आहेत, रांजणगावची एमआयडीसी आहे, पुणे जवळ आहे. पण याच समृद्धीच्या कडेला कोप्या आहेत, गुऱ्हाळांवर परप्रांतातून आलेली कुटुंबे आहेत, एमआयडीसीभोवती भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत वाढणारी मुले आहेत. ती विखुरलेली असल्यामुळे त्यांचा आकडा एका ठिकाणी जमत नाही.

राज्याचा आकडा मात्र आहे. पाच वर्षांखालच्या बुटक्या राहिलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३४.४ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ३५.२. तीव्र कृश मुले ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. ज्या राज्याने सात वर्षांत दाखवण्याजोगी सुधारणा केली होती, ते थबकले.

आहाराचा दर २०१७ मध्ये ६ वरून ८ रुपये झाला, गरोदर व स्तनदा मातांसाठी साडेनऊ, तीव्र कुपोषित मुलासाठी १२. त्यानंतर वर्षानुवर्षे तो तिथेच राहिला. या काळात तूरडाळ आणि तेल कुठे गेले, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. दर न वाढवणे हीसुद्धा कपातच असते, फक्त तिची घोषणा होत नाही. एकट्या पालकाच्या किंवा नातेवाइकांच्या घरी वाढणाऱ्या मुलांसाठीची बालसंगोपन योजना २०१५ मध्ये महिना ४२५ रुपये देत होती. आता ती रक्कम २,२५० आहे. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण हप्ते थकतात, ही तक्रार राज्यभर आहे.

सेविकांनी २०१७ मध्ये २६ दिवस संप केला. ४ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा संप झाला, तो ५२ दिवस चालला. त्या काळात मुलांचे हाल झाले आणि त्यासाठी सेविकांना बोल लावला गेला. त्यांना उपजीविकेपुरते मिळावे म्हणून ५२ दिवस रस्त्यावर बसावे लागते, हा दोष त्यांचा नव्हे.

पुढचा मार्च येण्याआधी

हे थांबवायचा मार्ग संविधानातच आहे. अनुच्छेद २०२(३) मध्ये राज्याच्या तिजोरीवरचा भारित खर्च सांगितला आहे. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, कर्ज आणि व्याज. हा खर्च मतदानाला टाकला जात नाही, फक्त त्यावर चर्चा होऊ शकते. त्याच अनुच्छेदाच्या शेवटी, विधिमंडळ कायदा करून आणखी कोणताही खर्च असा भारित ठरवू शकते, अशी मुभा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचा आहार, कुपोषित मुलांचे उपचार, सेविका-मदतनिसांचे मानधन आणि बालसंगोपनाचे हप्ते महाराष्ट्राने या यादीत घालावेत. तेवढ्याने बिले वेळेवर निघतील असे नाही. त्यासाठी निधी मार्चअखेरीस परत न जाण्याची आणि आहाराचा दर दरवर्षी महागाईला जोडण्याची तरतूद त्याच कायद्यात हवी. पण कात्री लावायची वेळ आली की आधी हात जातो तो या खर्चावर, हे तरी थांबेल.

असे करायला महाराष्ट्र नवखा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेसाठी या राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, १९७७ मध्ये कायदा केला आणि त्यात योजनेसाठी स्वतंत्र निधी ठेवला. नोकरदारांच्या पगारातून तो कर आजही कापला जातो. भुकेल्या मजुरासाठी तेव्हाच्या विधिमंडळाने जे केले, ते भुकेल्या मुलासाठी आजच्या विधिमंडळाला करता येईल.

दौंड आणि शिरूरच्या मतदारांना विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या अंगणवाडीचा आहाराचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आला आहे, ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी आपल्या आमदारांना भेटून एकच प्रश्न करा : २०२(३) खाली मुलांचा खर्च भारित करणारे विधेयक तुम्ही मांडणार का?